कलेचा तास पडद्यावरून : वाचकांचे प्रश्न, शिक्षकांची उत्तरे

दूरस्थ पद्धतीने चित्रकला, संगीत, हस्तकला शिकवताना येणाऱ्या अडचणी मागवल्या, तेव्हा आलेली बहुतेक पत्रे शिक्षकांची आणि थोडी पालकांची होती. करोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा पुन्हा भरू लागल्या म्हणून हा विषय मिटलेला नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच शाळेला अर्धवेळ कलाशिक्षकाची तरतूद आहे. लहान शाळेत हा तास वर्गशिक्षकांच्याच गळ्यात पडतो आणि मग दुसऱ्या गावच्या कलाशिक्षकाची मदत फोनवरूनच घ्यावी लागते. परदेशातल्या मराठी घरांत तर तबला-पेटी सर्रास पडद्यावरून शिकवली जाते. चित्र आणि मातीकामाची उत्तरे चित्रकला शिक्षकांनी, गाण्या-वाजवण्याची संगीत शिक्षकांनी लिहिली आहेत.

प्रश्न : आठवीची मुले एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला बसवायची आहेत. मी वस्तूंची मांडणी करून तिचा फोटो ग्रुपवर टाकते आणि मुले त्यावरून वस्तुचित्र काढतात. रेषा बऱ्या असतात, पण तांब्या कागदावर चिकटवल्यासारखा चपटा दिसतो. काय चुकतंय? – शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : फोटो पाठवणे आधी बंद करा. फोटोत वस्तू चपटी होऊनच येते, आणि वस्तुचित्र शिकायचे ते नेमके गोल वस्तू सपाट कागदावर कशी उतरवायची यासाठी. ते काम कॅमेऱ्याने करून टाकल्यावर मुलाच्या हाती फक्त नक्कल उरते. त्यात फोनची भिंग रुंद कोनाची असते. मांडणीच्या हातभर अंतरावरून फोटो घेतला की पुढचा लिंबू फुगतो आणि कडेचा पेला बाहेरच्या बाजूला ताणला जातो. मुले ती चूकही इमानेइतबारे उतरवतात. परीक्षेत वस्तू प्रत्यक्ष समोर असतात, तिथे हा सराव उपयोगी पडत नाही.

मांडणी प्रत्येकाने आपल्या घरी करावी. तांब्या, पेला आणि लिंबू किंवा कांदा, एवढे पुरे. साधारण ४५ सेंमी उंचीच्या स्टुलावर वस्तू ठेवायच्या आणि मुलाने दीड मीटरवर जमिनीवर मांडी घालून बसायचे. उजेड एकाच खिडकीतून, एका बाजूने यावा. ट्यूबलाइट बंद. दोन्हीकडून उजेड आला की दोन सावल्या पडतात, छायाभेद कळत नाही आणि मुले सगळीकडे सारखेच बोट फिरवून राखाडी करून टाकतात.

आता चपटेपणाचे मूळ. आठवीचे मूल तांब्याचे तोंड चांगले गोल काढते आणि तळ सरळ रेषेने बंद करते, कारण तांब्या सपाट जागेवर उभा आहे हे त्याला ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते काढले जाते, जे दिसते ते राहून जाते. वर सांगितल्याप्रमाणे बसल्यावर मुलाचा डोळा जमिनीपासून साधारण ६८ सेंमीवर येतो. तांब्या १८ सेंमी उंच धरला तर त्याचे तोंड डोळ्याच्या ५ सेंमी खाली आणि तळ २३ सेंमी खाली. म्हणजे तळाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा कितीतरी जास्त उघडा दिसायला हवा. मुलांच्या चित्रात बरोबर उलटे असते.

हे समजावायला भाषण नको. काचेच्या पेल्यात निम्मे पाणी भरायला सांगा. पेला डोळ्याच्या पातळीवर धरला की कड एका रेषेत मिटते. हळूहळू खाली नेला की कड उघडू लागते, त्याखाली पाण्याची पातळी जरा जास्त उघडी आणि तळ सर्वांत जास्त. हे तीन लंबगोल एकाखाली एक काढणे हाच पहिला पूर्ण तास. तांब्या दुसऱ्या तासाला.

मुलाकडून तीन फोटो मागवा: मांडणीचा, दहा मिनिटांनंतरच्या कच्च्या रेखाटनाचा आणि पूर्ण चित्राचा. मांडणीचा फोटो तुम्हाला पडताळण्यासाठी आहे, त्याने त्यावरून काढण्यासाठी नाही. तो मुलाच्या जागी बसून, फोन डोळ्याशी धरून, दुप्पट झूमवर घ्यायला सांगा. उभ्याने घेतलेल्या फोटोत सगळे लंबगोल जाड येतात आणि बरोबर काढलेले चित्र तुम्ही चूक ठरवाल. सगळ्यांत महत्त्वाचा दहा मिनिटांचा फोटो. प्रमाण तिथेच चुकते, आणि छायांकन झाल्यावर खोडायला मूल तयार होत नाही.

प्रश्न : एकच फोन आहे, स्टँड नाही. मी काढत असताना मुलांना माझा हात दिसावा, अशी सोय घरच्या घरी कशी करू? – वर्गशिक्षक, जिल्हा परिषद शाळा, जव्हार

उत्तर : पत्र्याचे दोन सारख्या उंचीचे डबे घ्या, ३५ ते ४० सेंमी उंचीचे. रिकामे डबे धक्क्याने पडतात, त्यामुळे आत तांदूळ, गहू काहीतरी असू द्या. डब्यांत ५० सेंमी अंतर ठेवून त्यांवर ६० सेंमीच्या दोन लाकडी पट्ट्या समांतर टाका, मध्ये चार-पाच सेंमीची फट. फोन या फटीवर उताणा, म्हणजे पडदा वर आणि मागचा कॅमेरा खाली. ४० सेंमीवरून आडवा ए-४ कागद हाताला जागा ठेवून मावतो. मोठा कागद हवा असेल तर डब्यांखाली पुस्तके घाला. कागदाची जागा एकदा ठरली की टेबलावर पट्टी चिकटवून चारही कोपरे आखून ठेवा, दर तासाला जुळवाजुळव नको.

तुमचा कागद मुलांना उलटा दिसत असेल तर फोन तिथेच अर्धा फिरवा. पुढचा कॅमेरा वापरलात तर तुमच्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसतील, पण ते आरशासारखे चित्र सहसा फक्त तुमच्यापुरते असते. अक्षरलेखनाच्या तासाआधी एका सहकाऱ्याला फोन लावून खात्री करून घ्या.

पांढऱ्या कागदाने चौकट भरली की कॅमेरा उजेड कमी करतो, कागद करडा पडतो आणि एचबी पेन्सिलीची रेषा नाहीशी होते. कागदाखाली चारही बाजूंनी हातभर खाकी किंवा करडा कागद अंथरला की हा त्रास बराच कमी होतो. प्रात्यक्षिकाला ४बी किंवा ६बी पेन्सिल घ्या. बारीक रेषा व्हिडिओ कॉलच्या दाबलेल्या चित्रात टिकतच नाही. मुलांनी मात्र एचबीनेच काढावे, हे न विसरता सांगा. नाहीतर सर काढतात तशी गडद रेषा सगळा वर्ग काढू लागतो. उजव्या हाताने काढणाऱ्यासाठी उजेड डावीकडून यावा.

चेहरा दाखवण्यासाठी दुसरे यंत्र जोडलेत तर दोन्हींपैकी एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा. नुसता माइक बंद केला तर त्याच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी किंवा दुहेरी आवाज येत राहतो. खरे तर चेहऱ्याची गरज तासाच्या पहिल्या दोन मिनिटांपुरतीच.

प्रश्न : मुलांनी पाठवलेली चित्रे पिवळट, तिरकी, कधी अर्ध्यावर सावली पडलेली. गुण कसे द्यायचे? – चित्रकला शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : कागद दाराला किंवा भिंतीला चिकटपट्टीने लावायचा, खिडकीजवळ पण उन्हात नाही, दिवसा. फोन कागदाच्या मध्याशी समोरासमोर, ७० सेंमीवरून दुप्पट झूम. फ्लॅश बंद, कारण पेन्सिलीचे गडद भाग चमकून पांढरे होतात. पिवळेपणा बहुतेक वेळा रात्री बल्बखाली फोटो काढल्याने येतो. कागदाशेजारी कोऱ्या वहीची पांढरी पट्टी ठेवायला सांगा. पट्टी पिवळी दिसली तर चित्रातला पिवळाही खरा नाही, हे लगेच कळते.

स्कॅन करणारी अ‍ॅप मुलांना आवडतात, कागद शुभ्र दिसतो म्हणून. ती लिखाणासाठी बनवलेली आहेत: फिकी छटा म्हणजे डाग समजून पुसून टाकतात. हलके छायांकन आणि जलरंगाचा पहिला हात त्यात हमखास उडतो. अ‍ॅप वापरायचेच असेल तर मूळ फोटोचा पर्याय निवडावा. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले की आकार दाबला जात नाही. एवढे करूनही फोटो वाईट आला तर रंगाचे गुण राखून ठेवा आणि रेखाटन, मांडणी यांचे द्या.

प्रश्न : वर्गात ४२ मुले. निम्म्यांचा फोन वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री आठला घरी येतो. थेट तास कोणासाठी घेऊ? – शिक्षिका, मंठा

उत्तर : थेट तास घेऊच नका. चित्रकलेला ते परवडते, आणि आमच्या मते बऱ्याचदा जास्त चांगले होते, कारण मूल पडद्याकडे न बघता वस्तूकडे बघते. फोनवर १०८०पीमध्ये चित्रित केलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी होतो. तो दाबून पाठवला तरी वडिलांच्या रोजच्या डेटावर ताण येतोच. त्याऐवजी सहा फोटो आणि प्रत्येकाखाली पाऊण मिनिटाची ध्वनिफीत पाठवा. मूल ती थांबवून, पुन्हा ऐकून काम करू शकते.

पाठात चार गोष्टी असाव्यात: काय घ्यायचे, काय करायचे, कुठे थांबायचे, काय पाठवायचे. 'कुठे थांबायचे' हे शिक्षक हटकून विसरतात आणि मूल चित्र घोटत बसते. नमुना घ्या. जास्वंदीचे एक पान तोडून आणा. पहिले रेखाटन कागदाकडे न बघता, डोळा पानाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवत, तीन मिनिटे. दुसरे बघून, दहा मिनिटे, शिरांसकट, छायांकन नाही. पान तसेच ठेवा आणि तिसऱ्या दिवशी त्याच पानाचे तिसरे. तिन्ही एका फोटोत पाठवा. पहिले चित्र वेडेवाकडेच येणार आणि तसेच हवे, हे ध्वनिफितीत सांगून टाका. नाहीतर मुले ते फाडून नीटस काढून पाठवतात.

प्रतिसादाचे गणित मांडून ठेवा. ४२ मुलांना अर्ध्या मिनिटाचा बोललेला अभिप्राय म्हणजे नुसते बोलणेच २१ मिनिटांचे, चित्र पाहणे वेगळे. दर आठवड्याला १४ जणांना सविस्तर, बाकीच्यांना नुसती पोच, असे फिरते ठेवा. अभिप्रायात दोनच वाक्ये: चित्रातली एक नेमकी जागा जिथे जमले आणि एक जागा जिथे पुन्हा बघायचे. 'छान' लिहिण्यापेक्षा अंगठ्याचे चिन्हही बरे. ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांच्यासाठी तोच पाठ एका कागदावर छापून शेजारच्या मुलाच्या हाती द्या.

प्रश्न : पाचवी-सहावीच्या ३० मुलांकडून ऑनलाइन प्रार्थना बसवायची आहे. सगळे एकदम गायले की गोंधळ होतो. इंटरनेट चांगले आहे. – संगीत शिक्षक, नाशिक

उत्तर : इंटरनेट कितीही चांगले असले तरी हे जमणार नाही. ताल धरून एकत्र गायला एकमेकांचा आवाज सेकंदाच्या तीन शतांश भागाच्या आत पोचावा लागतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात सुमारे दहा मीटर जातो, म्हणजे एका मोठ्या खोलीइतका. साध्या व्हिडिओ कॉलवर एका बाजूचाच उशीर सेकंदाच्या पंधरा शतांशांपर्यंत सहज जातो, म्हणजे गायक ५० मीटर लांब उभा असल्यासारखे. प्रत्येक मूल दुसऱ्यासाठी थांबते आणि लय ओळीगणिक रेंगाळत जाते. शिवाय ही अ‍ॅप सर्वांत मोठा आवाज पुढे आणतात, बाकीचे दाबतात.

तासात सर्वांचे माइक बंद ठेवा, तुम्ही गा, मुलांनी आपापल्या घरी तुमच्याबरोबर गायचे. तुम्हाला काही ऐकू येणार नाही, ते स्वीकारा. मग एकेका मुलाचा माइक उघडून एकेक ओळ ऐका.

सूर बघून घ्या. पुरुष शिक्षक सवयीने काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) धरतात, आणि मुले एकतर खाली पुटपुटतात किंवा वरच्या षड्जावर किंचाळतात. या वयाला काळी चार किंवा काळी पाच ठेवा. तुमचा तानपुरा मुलांना तुटक ऐकू येत असेल तर दोष तानपुऱ्याचा नाही: सलग चालणारा आवाज पंख्याची घरघर समजून अ‍ॅप पुसून टाकते. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' सुरू करा, गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा, आणि हे करताना हेडफोन लावा, नाहीतर आवाज घुमतो. याहून सोपे म्हणजे प्रत्येक मुलाने आपल्या फोनवर किंवा शेजारच्या फोनवर त्याच सुरात तानपुरा लावावा. तानपुऱ्याला मात्रा नाहीत, त्यामुळे दोन घरांतले तानपुरे मागेपुढे असले तरी बिघडत नाही. ठेक्याचे मात्र असे चालत नाही.

एकत्र गायन हवेच असेल तर जोडून बनवा. एक मार्गदर्शक फीत तयार करा: तानपुरा, चार मात्रा मोजणे, एक टाळी, मग तुमचे गायन. मुलाने ती वायरच्या इअरफोनवर ऐकत, टाळीवर टाळी देऊन गायचे आणि दुसऱ्या फोनवर फक्त स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घेऊन सगळ्या फितींच्या टाळ्या एका रेषेत आणा. ब्लूटूथ इअरफोन नकोत, ते स्वतःच उशीर लावतात आणि टाळी व गाणे दोन्ही मागे पडते. पहिल्यांदा सहा आवाजांवर करून बघा, तीसची घाई नको.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. दहा वर्षांचा मुलगा म्हापशाच्या गुरुजींकडे ऑनलाइन तबला शिकतो. दोन वर्षे झाली तरी त्याचा डावा हात कच्चा आहे असे गुरुजी म्हणतात. 'गे' आणि 'के' तो सारखेच वाजवतो. – पालक

उत्तर : तो गुरुजींचा डग्गा कशावर ऐकतो, ते आधी बघा. फोन, टॅब किंवा लॅपटॉपच्या लहान स्पीकरमधून खालच्या पट्टीचा आवाज जवळजवळ बाहेरच येत नाही. 'गे'चा घुमारा तिथेच गळतो आणि उरतो तो बोटाचा टप्पा, जो 'के'सारखाच लागतो. मुलगा जे ऐकतो तेच वाजवतो. कान झाकणारे, वायरचे हेडफोन लावा. ब्लूटूथचे नकोत, कारण कॉलमध्ये त्यांचा माइक सुरू झाला की आवाजाची प्रत बरीच उतरते. अ‍ॅपमधले आवाज गाळणे दोन्हीकडून बंद. ते सुरू असेल तर 'ना'ची आस (मागे रेंगाळणारा नाद) अर्ध्यात कापली जाते आणि शांततेनंतरचा पहिला बोल अनेकदा गिळला जातो.

कॅमेरा समोरून नको. बाजूने तिरका, तबल्याच्या उंचीपेक्षा जरा वर, ७०-८० सेंमीवर, दोन्ही पुड्या आणि डाव्या मनगटाची टाच दिसेल असा. मुलाचा चेहरा चौकटीत आला नाही तरी चालेल. खिडकी पाठीमागे नसावी.

गुरुजींनी इकडून ताल धरायचा आणि त्याने तिकडे वाजवायचे, हे सोडा. लेहरा (तालाच्या आवर्तनाची पुन्हापुन्हा वाजणारी धून) किंवा मेट्रोनोम (मात्रांचे ठोके देणारे यंत्र) मुलाच्या खोलीत लागावा. मग लेहरा आणि तबला एकाच वेळी निघून एकाच वेळी गुरुजींपर्यंत पोचतात, उशीर झाला तरी दोघांचा सारखाच. तीनताल मिनिटाला ६० मात्रांनी सुरू करा, म्हणजे आवर्तन १६ सेकंदांचे. गुरुजींनी नवा कायदा (तबल्यातली बोलांची रचना) दाखवताना त्याहूनही सावकाश वाजवावा, जलद बोटे व्हिडिओत पुसट होतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या यंत्राच्या कोरड्या हवेत पुडी ताणते आणि सूर चढतो, गोव्याच्या पावसात उतरतो. दोघांचे तबले एकाच सुरात आहेत असे धरून चालू नका, दर तासाला जुळवा. आणि तुमच्याकडे एप्रिल व ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलते: भारताशी अंतर कधी साडेचार तास, कधी साडेपाच. त्या आठवड्यात गुरुजींना आदल्या दिवशी आठवण करा.

प्रश्न : सहावीला वारली चित्र घ्यायचे आहे. पोस्टर कलर सगळ्यांकडे नाहीत. – शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : मग मूळ पद्धतीच्या जवळ जा. पालघर भागातले वारली लोक गेरूने लिंपलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, टोक कुटलेल्या बांबूच्या काडीने हे काढत आले आहेत. मुलांकडे वह्यांना घालायचा खाकी कागद असतो, त्याची खरबरीत बाजू घ्या. गुळगुळीत बाजूवर रेषा ओघळते. बारीक चाळलेले तांदळाचे पीठ दोन चमचे, पाणी दोन चमचे, विरघळलेला डिंक अर्धा चमचा. पाणी नंतर थेंबाथेंबाने वाढवावे. डिंक नसेल तर वाळल्यावर रेषा भुकटी होऊन गळते, फार झाला तर पिवळट तडे जातात. पीठ तळाशी बसते, दर पाच मिनिटांनी ढवळा. ब्रशऐवजी कडुनिंबाची कोवळी काडी टोकाशी चावून घ्यावी.

मुले एक चूक नक्की करतात: ओली रेषा फिकी दिसते म्हणून तिच्यावर दुसरी फिरवतात. ती वाळल्यावर पांढरी होते. पहिल्या फोटोतच हे सांगा. आणि टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, एवढ्यावर थांबू नका. दोन त्रिकोणांचा तोल कलवला की माणूस धावतो, वाकतो, ओझे उचलतो. एकाच माणसाच्या पाच हालचाली काढायला लावा. तारपा नाच (तारपा या वाद्यावर धरलेला फेर) त्यानंतर.

प्रश्न : चित्र मुलाने काढले की ताईने, हे कसे ओळखावे? – शिक्षिका, वाशी

उत्तर : अर्धवट अवस्थेतले फोटो मागा. वरच्या वस्तुचित्रासारखेच. पूर्ण चित्रावरून पोलिसी तपास करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : तिसरीच्या मुलांनी घरी केलेल्या शाडूच्या वस्तू दुसऱ्या दिवशी तडकतात. – शिक्षिका, पेण

उत्तर : पाणी जास्त आणि वाळणे घाईचे, ही दोन कारणे. प्रत्येकाला अर्धा किलो मळलेली माती पुरे. मळल्यावर हाताला चिकटत नाही आणि बोटभर वळी वाकवली तरी फाटत नाही, इतपतच ओलावा. जाडी एक ते दीड सेंमी. हत्ती, कासव अशा जाड अंगाच्या वस्तू खालून चमच्याने पोखरायला सांगा, नाहीतर बाहेरचा थर आधी आकसतो आणि आतला ओला गोळा त्याला फोडतो. पाय, सोंड नुसते चिकटवू नयेत: दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे, मध्ये दह्याइतकी पातळ माती, मग दाबून सांधा पुसायचा. पहिले दोन दिवस वस्तू प्लास्टिकच्या पिशवीखाली सैल झाकून सावलीत ठेवायची, मग उघडी. पंखा नाही, ऊन नाही.

या तासाला मुलांचे हात मातीचे असतात, फोनला हात लागू नये म्हणून तो सुरुवातीलाच उभा करून ठेवावा, आणि तुमच्या सूचना न बघता नुसत्या ऐकून कळतील अशा असाव्यात: 'लिंबाएवढा गोळा', 'करंगळीएवढी वळी'.